संत फेलिचिताचं डोकं

रोम, ११ नोव्हेंबर १८६७

मिल्ला,

आधी मदर जेर्त्रुदेंना नमस्कार, कारण हे पत्र तुझ्याआधी त्यांच्या हाती पडणार. मदर, पापाचं काही लिहीत नाही, निवांत वाचा.

ओरेस्ते गेला. ऑगस्टमध्ये, पटकीनं. सकाळी कॅमेरा खांद्यावर टाकून कामाला गेला, दुपारी पोटाशी हात धरून परत आला, आणि दुसऱ्या दिवशी चुन्याच्या गाडीतून त्याला नेलं. तोंड पाहू दिलं नाही. तुला तेव्हा कळवलं नाही. आमच्या गल्लीतून रोजच कुणी ना कुणी जात होतं, आणि तुझ्याकडून उत्तर येत नाही हे मला ठाऊक आहे. तू त्या दारातून आत गेलीस त्याला एकवीस वर्षं झाली. तुझ्या हातची एक ओळ आली नाही, भेटीच्या खोलीत जाळीपलीकडेही कधी आली नाहीस. तरी मी लिहितेच. सवय म्हण, नाहीतर खोड म्हण.

काळजी करू नकोस. माझं बरं चाललंय. माझ्याकडे दिवसभर माणसांची ये-जा असते.

ओरेस्ते प्रिन्स ओर्सोलानींच्या संग्रहाचे फोटो काढायचा, हे मागे लिहिलं होतं. व्हिलाच्या तळमजल्यावर सगळे जुने संगमरवर मांडलेत – देव, सम्राट, कुस्तीगीर, नुसते हात, नुसते पाय. अर्ध्यांचे फोटो व्हायचे होते. प्रिन्सचे चिटणीस डॉन प्रॉस्पेरो कॅमेरा परत न्यायला आले, तेव्हा मी म्हटलं, "काम मी पुरं करते."

"तुम्ही? सोरा एर्सिलिया, अहो, हे काम बाईमाणसाचं आहे का?"

"काचेवर द्रव कोण ओतायचं? ती चांदीच्या पाण्यात कोण बुडवायचं? हे बघा." मी बोटं पुढे केली. चांदीच्या क्षारानं ती केव्हाच काळी पडली आहेत, धुऊन जात नाहीत.

ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "ते ठीक. पण तिथल्या मूर्ती… म्हणजे, त्यांच्या अंगावर…"

"डॉन प्रॉस्पेरो, मी विधवा आहे. त्यांच्याकडे नवीन काही नाही. आणि नवऱ्यापेक्षा त्या एका जागी उभ्या तरी राहतात."

कानापर्यंत लाल झाले बिचारे. शेवटी कबूल झाले, पण अट घातली: फोटोखाली नाव ओरेस्तेचंच छापायचं. मी हो म्हटलं. मेलेल्या माणसाचं नाव काम करतंय आणि जिवंत बाई त्याचा तिपाया उचलतेय.

तुझी,
एर्सी


रोम, ३ मे १८६८

मिल्ला,

आज तुमच्या मठातून एक बाई बाहेर पडली, आणि ती तू नव्हतीस.

मी व्हिलावर पोचले तर रखवालदार नाझ्झारेनो दारातच हात चोळत उभा. हा नाझ्झारेनो म्हणजे एका डोळ्यानं आंधळा, सत्तरीचा गृहस्थ; मला सावली हवी तिथे चादर आणि उजेड हवा तिथे आरसा धरतो. म्हणाला, "सोरा एर्सिलिया, नवी बाई आलीय! मठातून आलीय, नन्सकडून. घाईत डोकं तिथेच विसरलीय!"

तुमच्या बागेत पाण्याची टाकी खणताना ती निघाली म्हणे, आणि जमीन ओर्सोलानींची म्हणून मूर्तीही त्यांची. माणसाहून जरा उंच. मान तुटलेली, हात कोपरापासून नाहीत, पण वस्त्र असं उतरलंय की वारा आत्ताच थांबलाय असं वाटावं. वळ्यांमध्ये तुमची माती होती. एका वळीत गोगलगाय होती, तीही तुमच्याच मठाची, बिनशपथेची.

मिल्ला, ती मूर्ती कुणीतरी अर्धी धुतली होती. ब्रश न लावता, ओल्या कापडानं, वरून खाली, वळीच्या अंगानं. बाबा आपल्याला तसंच धुवायला लावायचे. प्लास्टरचा साचा काढायच्या आधी संगमरवराला अंघोळ घालायची असेल, तर खरारा करायचा नाही, लेकराला धुतो तसं धुवायचं. ती तूच धुतलीस ना? विचारत नाही. उत्तर येणार नाही ते माहीत आहे.

आम्ही तिला अंगणात आणवलं. मी उन्हात काळा तंबू ठोकला, आतल्या अंधारात काच तयार केली. फोटो उतरला तेव्हा मलाच नवल वाटलं. डोळ्याला जी लाल रंगाची रेघ जेमतेम दिसत होती, ती फोटोत काळी कुळकुळीत आली; लाल रंग आमच्या काचेला दिसत नाही, म्हणून काळाच येतो. तिच्या पदराला काठ होता, मिल्ला! बोटभर रुंदीचा, लाटालाटांचा. ती पांढरी नव्हतीच कधी.

प्रिन्सचे शिल्पकार फुमासोली म्हणाले, "घाण आहे ती. तेजाबानं निघेल." ते तिला स्वच्छ करणार, नवं डोकं आणि नवे हात बसवणार, हातात वीणा देणार, आणि मग ती कलादेवी होणार.

फोटोची एक प्रत सोबत ठेवली आहे. मदर, खांदा उघडा आहे, त्याला माझा इलाज नाही. ज्यानं घडवली त्याला मरून फार दिवस झाले.

एर्सी


रोम, १४ जून १८६८

मिल्ला,

फोटो परत आला. तुमच्या भिंतीतल्या त्या फिरत्या कपाटातून, जिथून तुम्ही बाहेर बिस्किटं विकता, पुडक्याखालून.

देवीच्या उघड्या खांद्यावर कुणीतरी शाईनं शाल काढली आहे. मदरनी काढायला लावली असणार, ते कळलं. पण शाल काढणारीनं नुसतं झाकण घातलं नाही. खांद्यावरून शाल जशी खरोखर पडेल तशी ती पडली आहे, खालच्या वळीला वरची वळी कुठे अडते तेसुद्धा दाखवलंय. असा हात रोममध्ये दोघींचा होता. त्यातली एक मी.

मी ओट्यावर बसून खूप हसले. मग हसणं थांबलं आणि दुसरंच काही सुरू झालं, ते लिहीत नाही.

मी गुरुवारी भेटीच्या खोलीत येतेय. तू आली नाहीस तर भिंतीला शाल दाखवून परत जाईन.


रोम, १९ जून १८६८

मिल्ला,

कालचं सगळं लिहून काढते आहे. तू बोललीस ते तुला काय सांगायचं! पण घरी येईपर्यंत मलाच खात्री वाटेना, की तू खरंच बोललीस.

जाळी होती, जाळीमागे काळा पडदा. सिस्टर पेर्पेतुआ कोपऱ्यात ऐकायला बसल्या होत्या. त्यांना काही ऐकू येत नाही, हे मला त्यांनी मोठ्यानं ओरडून सांगितलं. मग पडदा जरा हलला. बावीस वर्षांनी तुझं पहिलं वाक्य काय असेल, याची मी वाटेत कितीतरी रूपं केली होती. तू म्हणालीस:

"मूर्तीला डोकं बसवताहेत म्हणे?"

"बसवताहेत. फुमासोलीनं आपल्या मेहुणीला समोर बसवून मातीचं केलंय."

"पण तिला डोकं आहे."

"मेहुणीला?"

"मूर्तीला, एर्सी!"

आणि तू हसलीस. तेच हसणं, आधी नाकातून, मग आवाज. सिस्टर पेर्पेतुआंनी माळ थांबवून वर पाहिलं. हसणं त्यांना दिसतं बहुधा.

मग तू सांगितलंस, की धड सापडायच्या आधी दोन दिवस डोकं सापडलं होतं. मदरना आदल्याच आठवड्यात संत फेलिचिता स्वप्नात दिसली होती, म्हणून त्यांनी तिथेच मातीत गुडघे टेकले. डोकं धुतलं तूच. केसांवर लाल रंग होता, तो तू राहू दिलास. आता ते प्रार्थनाघराच्या कोनाड्यात आहे, वर मेणाच्या फुलांचा मुकुट.

"मदरना सांगितलं नाहीस, की ते मूर्तीचं आहे म्हणून?"

"सांगितलं तर. मान जिथे तुटलीय तिथला तुकडा तंतोतंत जुळतो, हेही सांगितलं. त्या मला म्हणाल्या, ‘सिस्टर कोलोम्बा, देवानं डोकं आधी दिलं आणि धड नंतर. दोन्ही एकाचीच असती तर एकदम दिली असती.’"

"मग आता?"

"आता काही नाही. तू कुणाला बोलू नकोस. लोक येतील आणि घेऊन जातील, आणि मदर… एर्सी, त्या रोज तिच्याशी बोलतात गं."

"मग मला तरी कशाला सांगितलंस?"

पडद्यामागून तू म्हणालीस, "कुणाला तरी सांगायचं होतं. आणि तिच्या पदराला काठ आहे, हे तुझ्याच फोटोत दिसलं."

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. का गेलीस? कुणी ढकललं नव्हतं, बाबा तर दाराशी आडवे झाले होते. आई नव्हती, आपण तिघंच होतो, आणि एका सकाळी तू हातावरचं प्लास्टर धुतलंस आणि निघालीस. का? पण घंटा झाली, आणि तुमच्याकडे घंटेपुढे कुणाचं चालत नाही.

मदर, तुम्हीही हे वाचताय, तर नीट वाचा: मी कुणाला सांगणार नाही. संतमाई तुमच्याकडे सुखात राहो.

पुढच्या गुरुवारी येते.

एर्सी


रोम, २२ जानेवारी १८६९

मिल्ला,

मूर्ती झाली एकदाची. फुमासोलींनी तिला तेजाबानं घासलं, लाल काठ गेला. तो आता फक्त माझ्या काचेवर आहे. मेहुणीचं डोकं बसवलं. चेहरा वाईट नाही, पण मासे स्वस्त मिळाल्यावर बाईचा होतो तसा आहे. नाझ्झारेनो म्हणतो, "आधी बरी होती, कुणाकडे बघत नव्हती."

परवा डॉन प्रॉस्पेरोंनी मला खिडकीपाशी बोलावून घेतलं.

"सोरा एर्सिलिया, तुमची बहीण त्याच मठात आहे ना?"

"आहे."

"प्रिन्सना वाटतं, धड तिथे निघालं तर डोकंही तिथेच असणार. माळी काहीतरी बडबडत होता. मदरना विचारलं, तर त्या कानावर हात ठेवतात. तुम्ही बहिणीला जरा सहज विचाराल?"

मी म्हटलं, "बहीण माझ्याशी बोलत नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"प्रयत्न करा. खरं डोकं मिळालं, तर प्रिन्स साऱ्या युरोपात त्याचे फोटो पाठवतील. आणि मी स्वतः बघेन, की त्यावर नाव तुमचं छापलं जाईल. तुमचं. एर्सिलिया तार्ताल्यीनी."

मिल्ला, माझं नाव छापलेलं मी कधी पाहिलेलं नाही. लग्नाच्या चर्चमध्येसुद्धा ते हातानं लिहिलंय. मी खिडकीबाहेर बघत राहिले. अंगणात कुणीतरी गाढवाला शिव्या देत होतं.

"मला काही माहीत नाही," मी म्हणाले.

हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. म्हणजे, म्हणूनच लिहितेय. जूननंतर तू भेटीच्या खोलीत पुन्हा आलीच नाहीस. मी दर गुरुवारी येते आणि सिस्टर पेर्पेतुआ कोपऱ्यातून ओरडतात, "ती येत नाही म्हणते!" बाहेर रांगेतल्या बायांनासुद्धा ते ऐकू जातं.


रोम, ४ नोव्हेंबर १८६९

मिल्ला,

आता मी रागावले आहे, आणि मदरनी हे पत्र फाडलं तरी चालेल.

एकदा पडदा हलवायचा, हसायचं, आपलं गुपित दुसऱ्याच्या ओटीत टाकायचं, आणि मग पुन्हा भिंत. तुमच्या नियमांत याला काय म्हणतात ते मला माहीत नाही, आमच्याकडे याला चेष्टा म्हणतात. मी तुझ्यासाठी गप्प बसले, आणि तू मला गप्प राहून त्याची परतफेड करतेस.

मागे लिहिलं होतं, की माझ्याकडे दिवसभर माणसांची ये-जा असते. कुणी येत नाही. ओरेस्तेचे मित्र ओरेस्तेचेच होते. शेजारीण माझ्या काचेवरच्या द्रवातल्या ईथरच्या वासाला भिते, तिला वाटतं मी विष करते. मी सकाळी व्हिलावर जाते आणि जे लोक हलत नाहीत त्यांच्यामध्ये उभी राहते. आत उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचं झाकण काढलं की पाव तासदेखील थांबावं लागतं. तेवढा वेळ काय करायचं? मी बोलते. कुस्तीगिराला भाजीचा भाव सांगते. त्या मासेवाल्या कलादेवीला तुझ्या तक्रारी सांगते. नाझ्झारेनो आला की खोकल्याचं निमित्त करते. परवा तो म्हणाला, "सोरा एर्सिलिया, लाजता कशाला? मी तर तिसऱ्या खोलीतल्या म्हाताऱ्या सम्राटाशी वीस वर्षं भांडतोय. एकदाही माझं म्हणणं खोडलं नाही त्यानं."

त्याला हसायला आलं. मलाही आलं. मग आम्ही दोघांनी पाव आणि मेंढीचं चीज खाल्लं.

ईस्टरला लिहीन की नाही, सांगत नाही.

एर्सिलिया


रोम, २७ सप्टेंबर १८७०

मिल्ला,

तुम्ही सगळ्या बऱ्या आहात ना? तोफा ऐकल्या असतील. आमच्या काचा कपाटात थरथरत होत्या, फुटली एकही नाही. तटाची भिंत पडली आणि इटलीच्या राजाचे सैनिक टोपीत पिसं लावून आत आले. लोक नाचताहेत. प्रिन्स ओर्सोलानी पोपच्या बाजूचे. त्यांनी सुतक धरल्यासारखी व्हिलाची दारं लावून घेतली, आणि माझं काम संपलं. नाझ्झारेनो आत अडकलाय, कुलपामागे, सम्राटाबरोबर.

फक्त बरी आहेस एवढं कपाटातून सांग. बिस्किट ठेव एक. मी समजेन.


रोम, २९ सप्टेंबर १८७०

बिस्किट मिळालं. बडीशेपेचं. खाल्लं नाही अजून.


रोम, ५ ऑक्टोबर १८७३

मिल्ला,

नवा कायदा तुम्हाला वाचून दाखवला असेल. मठ सरकारजमा होणार. तुमच्या अर्ध्या इमारतीत शाळा येणार म्हणतात. ज्या नन्सना राहायचं आहे त्यांना एका बाजूच्या खोल्या मिळतील. ज्यांना बाहेर पडायचं आहे त्या पडू शकतात, सरकार त्यांना वर्षासनही देईल. कुणाची सक्ती नाही. कुणाचं पापही नाही, मी आपल्या फादरना विचारून घेतलंय. ते म्हणाले, ‘ज्याची त्याची सद्सद्विवेकबुद्धी’, आणि घाईघाईनं निघून गेले.

मी पलंग घेतलाय. अक्रोडाचा, वापरलेला, पण वाळवी नाही. नाझ्झारेनो आणि त्याच्या पुतण्यानं जिना चढवला, जिन्याला दोन ओरखडे आले. पलंग खिडकीशी लावलाय. बाबांच्या कामाच्या खोलीतली ती मोठी खिडकी आठवते ना? मी त्याच घरात आहे. गादी उन्हात घातली. उशी एक की दोन, ते कळेना, म्हणून दोन केल्या.

आणखी एक. सरकारच्या नव्या कचेरीनं मठांमधल्या कलावस्तूंचे फोटो काढायला माणसं नेमलीत. मी अर्ज केला, माझ्या नावानं. त्यांनी घेतलं. नोव्हेंबरात तुमचा मठ माझ्याकडे आहे. मी दारातून आत येणार आहे, मिल्ला. पडदा नाही, जाळी नाही.

तयारी करून ठेव. तुझं असं कितीसं सामान असेल!

एर्सी


रोम, २१ नोव्हेंबर १८७३

मिल्ला,

तू वर मदरपाशी होतीस तेव्हा प्रार्थनाघरात काय झालं, ते तुला सांगायचं राहिलं. आपण दुसरंच बोलत बसलो.

माझ्याबरोबर सरकारी इंजिनिअर होते, सिन्योर बेर्तोलेरो, तुरिनचे. माणूस भला आहे, पण प्रत्येक वस्तूला टिचकी मारून बघतो. मेणबत्त्यांचे स्टँड झाले, एक काळवंडलेलं चित्र झालं, आणि ते कोनाड्यापाशी आले.

मी संत फेलिचिता पहिल्यांदाच पाहत होते. मेणफुलांचा मुकुट तिरपा झाला होता. ओठांच्या कोपऱ्याशी मेणबत्तीची काजळी. पण नजर! ती कुणाकडे तरी बघतेय, आणि ते माणूस नुकतंच बोलून थांबलंय, असं वाटतं. केसांवर लाल रंग होता, तू राखलेला. आणि मानेची तुटकी कड, जी मी धडाच्या बाजूनं इतक्या वेळा भिंगातून पाहिलाय. जगात मी एकटीच आहे जिनं दोन्ही पाहिलीत. म्हणजे, मी आणि तू.

"हे काय?" सिन्योर बेर्तोलेरो म्हणाले. "हे तर फार सुंदर आहे. जुनं आहे का हो?"

फोटो काढला असता तर महिन्याभरात ते धडावर गेलं असतं, मेहुणी अडगळीत गेली असती. आणि खाली माझं नाव. या वेळी सरकारी शिक्क्यानिशी.

वरून मदरच्या खोकण्याचा आवाज येत होता. कोणीतरी त्यांना पाणी पाजत होतं. तू पाजत होतीस.

"प्लास्टर आहे," मी म्हणाले. "माझ्या वडिलांच्या साच्यातलं. इंग्रज प्रवाशांना आम्ही असली ढिगानं विकायचो. एखादं मठाला दान दिलं असेल."

"खरंच?" त्यांनी टिचकीचं बोट उचललं.

"सांभाळून! फुटलं तर वरच्या म्हाताऱ्या तुम्हाला तुरिनपर्यंत शाप पोचवतील."

त्यांनी बोट खिशात घातलं. वहीत काही लिहिलं नाही. आम्ही पुढच्या खोलीत गेलो.

हे मी देवासाठी केलं नाही, आणि मदरसाठीही नाही, शाल काढलेल्या त्या फोटोचे पैसेही त्यांनी दिले नाहीत मला. तुला ठाऊक आहे कशासाठी.

नंतर ते जेवायला गेले आणि मी भाजीच्या मळ्यात तिपाया लावला. उजेड चांगला होता, ढगांतून गाळलेला, चेहऱ्याला लागतो तसा. तुला निरोप पाठवला. काच तयार करून कॅमेऱ्यात घातली. ओली असते तोवरच ती कामाची. दहाएक मिनिटांत वाळते, मग तिच्यावर काही उतरत नाही. म्हणून तू येताना दिसलीस तशी मी ओरडले, "लवकर ये, आणि त्या दगडापाशी उभी राहा, हलू नकोस!"

सत्तावीस वर्षांनी बहिणीला समोरासमोर म्हटलेलं हे पहिलं वाक्य.

तू बुरखा वर केलास. तुझी हनुवटी आईची झालीय, मिल्ला. आईला इतक्या वयाचं व्हायला मिळालंच नाही. डाव्या गालावर एक दात नसल्याचा खळगा. एवढंच पाहिलं मी, कारण तू लगेच बोलायला लागलीस.

"किती काळी बोटं तुझी! पेर्पेतुआ गेली, कळलं का? मरताना तिला ऐकू येत होतं, म्हणाली ‘घंटा फार कर्कश आहे’. तो कोबी बघ, कीड लागलीय. कोंबड्या विकाव्या लागतील, शाळेतल्या पोरांनी दगड मारले तर. तू अशी वाकून का चालतेस? तो तिपाया जड आहे का? बघू."

"मिल्ला, हलू नकोस."

"हो. बाबा जाताना फार त्रास झाला का?"

मग तिपाया राहिला तिथेच, आणि आपण दगडावर बसलो. बाबांचं सांगितलं. ओरेस्तेचं सांगितलं. मी विचारलं, "त्या जूननंतर का आली नाहीस? मदरनी मनाई केली?"

"छे. मदरनी जा म्हटलं होतं. मीच. त्यानंतर आठवडाभर मला प्रार्थना करता येईना. मनात सारखा तुझा आवाज."

"राग आला होता?"

"अगं, आवडला होता."

मग मी तो प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी घंटा झाली नाही. तू म्हणालीस,

"तुला आठवतं, घरात तू आणि बाबा कसे बोलायचात? सकाळपासून. भांडायचात, गायचात, गिऱ्हाइकाची नक्कल करायचात. मजा यायची. पण मला एक वाक्य बोलायचं असलं की जागाच सापडायची नाही. एके दिवशी इथे बिस्किटं घ्यायला आले, तर आत इतकं शांत होतं, एर्सी. मला माझाच श्वास ऐकू आला. तुमच्यावर राग नव्हता कधी. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात कुणाचं वाईट दिसू नये असं वाटत होतं."

सत्तावीस वर्षं मी काय काय धरून बसले होते! कुणावर प्रेम होतं, कुणी फसवलं, मी काही बोलले. आणि तुला गप्प बसायचं होतं. मला हसू आवरेना, कारण एवढं बोलताना तू श्वास घ्यायला थांबली नव्हतीस.

मी म्हटलं, "पलंग केलाय. खिडकीशी."

"खिडकीतून काय दिसतं आता?"

"समोरचीचं धुणं. त्याच्यामधून जरा नदी."

तू विचार केलास. मी पाहिलं ते, नाही म्हणू नकोस. ओठ दाबलेस, वर बघितलंस.

"मदरना कोण उचलणार? आम्ही सातजणी उरलोत, त्यातल्या चौघींना स्वतःला उठता येत नाही." मग तू माझा काळा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "आणि एर्सी, त्या गेल्या तरी मी यायची नाही. आधीच सांगते. नाहीतर तू त्यांच्या मरणाची वाट बघत बसशील, आणि ते दोघींनाही शोभायचं नाही."

तुला आवडतं ना गप्प बसणं? बसले. कोबीवर एक चिमणी आली आणि गेली. तुझा श्वास ऐकू येत होता, जरा दम्याचा आहे, वैद्याला दाखव.

मग वरून हाक आली आणि तू उठलीस. जाताना वळून म्हणालीस, "अगं, फोटो!" मी म्हटलं, "झाला." तू खूश होऊन गेलीस. तर ते खरं नव्हतं.

पलंगावर आता मीच झोपते. माझ्या जुन्या खाटेपेक्षा बरा आहे. एक उशी नाझ्झारेनोला दिली, त्याची मान धरते. गुरुवारी येईन. पडदा काढलाय म्हणालीस, तर बघून घेईन हनुवटी नीट.

घरी आल्यावर सवयीनं ती काच काढून द्रवात धरली. उजेडात पाहिली. आरपार, कोबी नाही, दगड नाही, तू नाहीस. तिच्यावरचा वाळका पापुद्रा खरवडून काढला, राखेनं घासली, पुसून रॅकवर उभी केली. काच चांगली आहे, कुठे ओरखडा नाही.

एर्सी